शिफ्ट संपली की डोंगर आपला!

ती रील तुमच्या फीडवर कधी ना कधी आलीच असेल. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, पायात स्नोबोर्ड, मागे पांढराशुभ्र उतार आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'नोकरी सोडली आणि इथे आले!' आपण ती ८.२२ च्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट बसून बघतो, ट्रेकच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'जायचं का?' त्यावर तीन हार्ट येतात आणि विषय संपतो.

रीलमध्ये एक गोष्ट मात्र कापलेली असते. त्या मुलीने नोकरी सोडलेली नाही, बदलली आहे. त्या दिवशी सकाळी सहाला उठून तिने कुठल्या तरी लॉजच्या पंधरा खोल्यांमधल्या चादरी बदलल्यात, बाथरूम घासलेत आणि दुपारी दोननंतर ती डोंगरावर गेली आहे. तिकडे याला 'सीझन करणं' म्हणतात. बर्फाचे चार महिने रिसॉर्टमध्ये पडेल ते काम करायचं, तिथेच राहायचं, आणि शिफ्टच्या अलीकडे-पलीकडे जो वेळ उरेल तो स्की, स्नोबोर्ड, हायकिंग, फोटोग्राफीला द्यायचा. युरोपातली आणि जपानमधली पोरं हे वर्षानुवर्षं करतायत. आपल्या पासपोर्टला मात्र असे 'वर्किंग हॉलिडे' छापाचे व्हिसे आत्ता-आत्तापर्यंत मिळतच नव्हते. २०२३ मध्ये ब्रिटनने तरुण भारतीयांसाठी दोन वर्षांची योजना सुरू केली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाने. म्हणजे 'जायचं का?' या प्रश्नाला आता खरंखुरं उत्तर देता येतं. ते देण्याआधी तिकडे नेमकं काय असतं, ते बघू.

उदाहरण ऑस्ट्रेलियाचंच घेऊ. ऑस्ट्रेलियात बर्फ? हा पहिला प्रश्न घरातूनही येणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेवा. सिडनीपासून साधारण ५०० किलोमीटरवर स्नोवी माउंटन्स आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वोच्च शिखर कॉशिउस्को इथेच आहे. उंची २,२२८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे फरक फार नाही. त्याच्या पायथ्याचं थ्रेडबो हे स्कीवाल्यांचं गाव तर सुमारे १,३६५ मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षाही खाली. त्यामुळे हिमालयात होतो तसा उंचीचा त्रास इथे होत नाही. त्रास देतो तो वारा. जवळच पेरिशरचं अवाढव्य रिसॉर्ट आहे आणि अर्ध्या-पाऊण तासावर तळ्याकाठचं जिंडाबाइन गाव. सीझनवाली बरीच पोरं याच गावात राहतात. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात फॉल्स क्रीक, माउंट हॉथम, माउंट बुलर आहेत. सीझन उघडतो जूनच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या लाँग वीकेंडला आणि आवरतो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आपल्याकडे छत्र्या निघतात तेव्हा तिकडे स्की निघतात.

आणि या डोंगरांत बाहेरून कामाला आलेली तुम्ही काही पहिली नाही. इथलं स्कीइंगच मुळात कामाला आलेल्यांनी सुरू केलंय. १८५९-६० मध्ये याच डोंगरांत कियांड्रा इथे सोनं सापडलं आणि जगभरातून खाणकामगार धावले. त्यात नॉर्वेचे लोक होते. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर खाणी बंद, मग करायचं काय? त्यांनी लाकडाच्या फळ्या पायाला बांधल्या आणि उतारावरून घसरायला सुरुवात केली. साल १८६१. पुढे १९४९ मध्ये नद्या अडवून वीज करण्याचा प्रचंड स्नोवी प्रकल्प सुरू झाला. पंचवीस वर्षांत तीसहून जास्त देशांतले एक लाखाहून अधिक लोक त्यावर राबले. त्यातलाच एक टोनी स्पोनार नावाचा चेक माणूस. ज्या दरीत तो कामासाठी फिरायचा तिथे स्की रिसॉर्ट होऊ शकेल हे त्याला दिसलं, आणि १९५७ मध्ये थ्रेडबो उभं राहायला लागलं. तेव्हा 'इंजिनिअर होऊन परदेशात भांडी घासणार का?' असं कुणी म्हणालं, तर हा किस्सा सांगायला हरकत नाही. उपयोग होईल याची गॅरंटी मात्र नाही.

आता कामाचं बोलू. रिसॉर्टला हवी असतात ती माणसं अशी: लिफ्टवर लोकांना बसवणारे-उतरवणारे (यांना तिकडे 'लिफ्टी' म्हणतात), हाउसकीपिंगवाले, किचन हँड, बरिस्ता, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात बूट घालून देणारे, पोरं सांभाळणारे, रात्री मशीनने बर्फ बनवणारे. इन्स्ट्रक्टरची नोकरी स्वप्नातली असली तरी त्याला सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे पहिल्या सीझनला ती सोडून द्या. बारमध्ये दारू सर्व्ह करायची तर न्यू साउथ वेल्समध्ये 'आरएसए' नावाचा छोटा कोर्स सक्तीचा आहे. भरती जानेवारी ते मार्चच्या आसपास जोरात असते. जूनमध्ये बॅग घेऊन उगवलात तर मिळेल ते काम आणि मिळेल तो बेड.

बेडचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. सीझनमध्ये जिंडाबाइनला खोली मिळणं म्हणजे जूनमध्ये पुण्यात एफसी रोडजवळ पीजी शोधण्यासारखं आहे. म्हणूनच नोकरीची ऑफर बघताना ताशी पगाराच्या आधी 'स्टाफ अकोमोडेशन आहे का' हे विचारायचं. चार जणांची बंक बेडची खोली, सामाईक फ्रिज, फ्रिजमधल्या डब्यांवर नावं. हॉस्टेलला राहिलेल्यांना यात नवीन काही नाही, फक्त इथे हीटरवर वाळत घातलेल्या मोज्यांचा वास जास्त असतो.

पगार? ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ ला किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. 'कॅज्युअल' म्हणून कामाला घेतलं तर त्यावर २५ टक्के जादा मिळतात, पण मग पगारी सुट्टी, आजारपणाची रजा काही नाही. शिवाय कॅज्युअल म्हणजे बर्फ नसेल तर शिफ्टही नाही. हे वाक्य दोनदा वाचा. कमी बर्फाच्या वर्षी निम्मे उतार उघडतच नाहीत, पर्यटक येत नाहीत, आणि तुमचे आठवड्याचे ३८ तासांचे १५ तास होतात. भाडं मात्र तेवढंच. रुपयांत गुणाकार करून 'चार महिन्यांत एवढे लाख' असं गणित मांडणाऱ्यांनी हा कॉलम रिकामा सोडू नये. सीझनमधून पैसे साठवून आणणारे असतात, पण बहुतेकांचं बरोबरीत सुटतं. खर्च निघाला, डोंगर फुकट मिळाला, एवढा हिशेब धरून गेलात तर मन:स्ताप होणार नाही.

आणि डोंगर खरोखर जवळजवळ फुकट मिळतो. गर्दीच्या दिवसांत लिफ्टचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या आसपास जातं. मोठी रिसॉर्टं आपल्या स्टाफला सीझनभराचा पास फुकट किंवा अगदी स्वस्तात देतात, बऱ्याच ठिकाणी शिकवणीही सवलतीत असते. टुरिस्ट तीन दिवसांसाठी येतो, त्यातला एक दिवस धुक्यात जातो. तुमच्याकडे शंभर दिवस असतात. सगळा फरक इथेच आहे. पहिला आठवडा तुम्ही फ्रायडे फ्लॅट या थ्रेडबोच्या शिकाऊ उतारावर सहा वर्षांच्या पोरांसोबत पडणार. ती पोरं तुमच्या बाजूने सुसाट निघून जाणार. स्नोबोर्ड घेतलात तर मनगटाचं गार्ड घ्या, कारण पडताना आपण हात टेकतो आणि नवशिक्यांचं मनगटच आधी जातं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिरव्या खुणेच्या सोप्या उतारावरून निळ्यावर याल. त्यानंतर दुपारी दोन ते साडेचार हा वेळ तुमचा स्वतःचा होतो. 'आज जाऊ की नको' हा प्रश्न पडत नाही, कॉलेज सुटल्यावर कट्ट्यावर जावं तसं तुम्ही डोंगरावर जाता.

सह्याद्रीत फिरलेल्यांना इथे एक छान फायदा आहे आणि एक मोठा धोका. फायदा हा, की वाट वाचायची सवय असते, पाय दमत नाहीत, टपरीच्या चहाशिवाय आठ तास काढता येतात (हे सगळ्यांना जमतं असं नाही!). धोका हा, की आपल्याला 'डोंगर कळतो' असं वाटायला लागतं. रिसॉर्टच्या दोऱ्यांपलीकडची मेन रेंज दिसायला सौम्य आहे. पण ढग उतरले की आकाश आणि जमीन एकच पांढरी होते आणि दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये चार तरुण स्नोबोर्डर असेच रिसॉर्टबाहेर मुक्कामाला गेले. वादळ आलं तेव्हा ते त्यांनी खणलेल्या बर्फाच्या गुहेत होते. बर्फाने तोंड बुजलं. ते सापडले नोव्हेंबरमध्ये, बर्फ वितळल्यावर. नवखे, बेफिकीर वगैरे ते नव्हते, तयारीने गेले होते. तिथलं राष्ट्रीय उद्यान आज अशा भटक्यांना जाण्याआधी आपला मार्ग नोंदवायला सांगतं आणि संकटात सिग्नल पाठवणारं 'पीएलबी' नावाचं यंत्र फुकट वापरायला देतं. घ्या ते. इन्शुरन्सचंही तसंच. भारतीयांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं छत्र नाही, आणि साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा स्की-स्नोबोर्डचे अपघात धरलेले नसतात. पॉलिसीची बारीक अक्षरं विमानतळावर नाही, घरी बसून वाचायची.

आता कॅमेरा. फोटोग्राफीसाठी म्हणून सीझन करायला निघालेल्यांना एक आगाऊ सल्ला: पहिले दोन आठवडे कॅमेरा खोलीवर ठेवा. घसरायला शिकत असताना गळ्यात दीड किलोचं लोखंड असेल तर आधी लेन्स जाते, मग बरगडी. तोपर्यंत फोन आहेच. नंतर मात्र तिकडे फोटोग्राफीची दोन-तीन गणितं नव्याने मांडावी लागतात. पहिलं, कॅमेऱ्याला पांढरा रंग पटत नाही. फ्रेमभर बर्फ असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळं राखाडी करून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर न्यायचं. दुसरं, थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते. जादाची बॅटरी बॅगेत नाही, आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायची. तिसरं आणि सगळ्यात जास्त नडणारं म्हणजे बाहेरून थेट उबदार खोलीत आलात की लेन्सवर, आणि कधी कधी आतही, दव धरतं. आत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. आईने प्रवासात थेपले दिलेली ती पिशवी चालेल, धुवून.

मग काढायचं काय? स्कीवर हवेत उडालेला माणूस सगळेच काढतात. तुम्ही झाडं बघा. इथे 'स्नो गम' नावाची निलगिरीची एक जात आहे, बर्फात उभी राहणारी. वाऱ्याने पिळवटलेली खोडं, आणि ओली झाली की सालीवर ऑलिव्ह, नारिंगी, करडे पट्टे उमटतात. २००३ च्या आणि २०१९-२० च्या वणव्यांत या झाडांची जंगलंच्या जंगलं जळाली. जी वाचली त्यातल्या कित्येकांना आता एका भुंग्याच्या अळ्या सालीखालून गोल पोखरून मारतायत. पांढऱ्या बर्फात उभे पांढरे सांगाडे आणि शेजारी एखादं जिवंत रंगीत झाड, असा देखावा तुम्हाला शिफ्टला जाताना रोज दिसेल. तीन दिवसांच्या टुरिस्टला त्याचा एक सुंदर फोटो मिळतो. तुम्ही तेच झाड जूनच्या पहिल्या बर्फात, जुलैच्या वादळानंतर, ऑगस्टच्या चांदण्यात आणि सप्टेंबरच्या चिखलात काढू शकता. पोर्टफोलिओ म्हणून कुणाला दाखवायचा तर हा असा, एका जागेचा चार महिन्यांचा. 'माझे बेस्ट वीस फोटो' सगळ्यांकडेच असतात.

आणि रात्रीचं आकाश. ज्यांनी कधी आकाशगंगा टिपायचा प्रयत्न केलाय त्यांना आपलं दुखणं माहीत आहे. तिचा सगळ्यात तेजस्वी मधला भाग संध्याकाळनंतर छान वर येतो तो नेमका पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे ढगांच्या मागे. तिकडे तोच काळ हिवाळ्याचा. जून-जुलैत वृश्चिक रास थेट डोक्यावर असते, बर्फाने उजळलेली जमीन, आणि शिवाय महाराष्ट्रातून नीट न दिसणारे मॅगेलनचे दोन ढगही. जिंडाबाइनच्या तळ्याकाठी शिफ्टनंतर जायचं आणि बोटं बधिर होईपर्यंत उभं राहायचं. येताना गाडी जपून चालवा, अंधारात रस्त्यावर कांगारू येतात. एक कायद्याचं: ड्रोन नेणार असाल तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि धंद्यासाठी शूट करायचं तर त्यालाही परवाना लागतो.

इथपर्यंत वाचलंत म्हणजे व्हिसाचं ऐकायची वेळ झाली. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिसाचा नंबर ४६२, नाव 'वर्क अँड हॉलिडे'. भारतीयांसाठी वर्षाला जागा १,०००. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आल्याचा पुरावा आणि खात्यात साधारण ५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. आधी २५ डॉलर भरून सोडतीत नाव नोंदवायचं. २०२४ मध्ये पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार नावं आली होती. म्हाडाच्या लॉटरीची सवय असलेल्यांना यापुढे समजावून सांगायला नको. नाव निघालं तर २८ दिवसांत खरा अर्ज, त्याची फी वेगळी, साडेसहाशे डॉलरच्या पुढे. व्हिसा बारा महिन्यांचा, आणि तो मिळाल्यापासून वर्षभरात कधीही तिथे पाऊल ठेवता येतं. त्यामुळे जून गाठायचा की नाही हे तुमच्या हातात राहतं. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही. सीझन चारच महिन्यांचा असल्याने ती अडचण येत नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं तीन महिने काम करावं लागतं. 'कुठल्याही हॉटेलातलं चालतं' असं कुणी सांगितलं तर सरकारी यादी उघडून बघा.

ब्रिटनच्या योजनेत जागा ३,००० आहेत, मुक्काम दोन वर्षांचा, सोडतीत नाव घालायला फी नाही. पण पदवी आणि खात्यात २,५३० पौंड हवेत. स्की विसरा, पण स्कॉटलंडचे डोंगर, तिथली हॉस्टेलं, रॉक क्लायंबिंग आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत रेंगाळणारा उजेड ज्यांना हवा, त्यांनी ही वाट बघावी.

सोडत संगणक काढतो. 'आमची आत ओळख आहे, नंबर लावून देतो' असं म्हणून कुणी पन्नास हजार मागितले तर तो माणूस फक्त तुमचे पन्नास हजार नेणार आहे. नाव नोंदवायला सरकारी वेबसाइटवर स्वतःचं खातं पुरतं आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे.

घरच्यांशी बोलण्याचं काम मात्र अर्ध्या तासात होत नाही. त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न रास्त आहे, तो टाळू नका: परत आल्यावर काय? सीव्हीवर एक वर्ष 'लिफ्ट ऑपरेटर' लिहिलेलं असेल आणि इंटरव्ह्यू घेणारा भुवया उंचावेल. कुणी कौतुक करेल, कुणी पान उलटेल. दोन वर्षं नोकरी करून, शिक्षणाचं कर्ज असेल तर त्याचे हप्ते मार्गी लावून गेलेल्याला हा प्रश्न जेवढा बोचतो, त्याहून डिग्री हातात पडल्या पडल्या निघालेल्याला जास्त बोचतो, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं. आणि बर्फात आपल्याला खरंच मजा येते का, हे तपासायला लाखभर डॉलरची गरज नाही. गुलमर्गला आणि औलीला स्कीचे बेसिक कोर्स होतात. आधी तिथे चौदा दिवस पडून या. पाचव्या दिवशी सकाळी ओले बूट परत पायात घालताना काय वाटतं, ते लक्षात ठेवा.

आणि सोडत उघडायची वाट बघत असाल, तर तोवर एक काम उरकून टाका. भारतीयांना त्या नोंदणीसाठी पासपोर्टबरोबर पॅन कार्डही लागतं. दोन्हीवर तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट किंवा त्याशिवाय, अगदी सारखं लिहिलंय का ते आज रात्रीच बघा.